पाण्याची चिमणी

आमच्या ह्यांच्या मनगटावरच्या घड्याळाच्या पाठीवर बारीक अक्षरांत कोरलेलं होतं, की हे घड्याळ पन्नास मीटर खोल पाण्यातही चालेल. घड्याळाची एवढी तयारी होती, ह्यांची नव्हती. हात धुवायच्या आधी ते काढून कपाटावर ठेवायचं, दहीभात कालवायच्या आधी शर्टाच्या खिशात टाकायचं, आणि आंघोळीला जाताना तर थेट देवघराच्या फळीवर, देवांच्या ताब्यात द्यायचं. लग्नानंतर वर्षभर मी हे बघत होते. शेवटी एकदा विचारलंच, "अहो, पन्नास मीटर म्हणजे विहिरीत टाकलं तरी चालायला हवं. मग आपल्या मोरीतल्या तांब्याला कसले घाबरता?"

"लिहिलेलं असतं ते विश्वास ठेवायला," हे शांतपणे म्हणाले. "खात्री करून बघायला नव्हे."

तेव्हा मी खूप हसले होते. माहेरी फोन करायला बूथवर गेले, तेव्हा बहिणीलाही सांगून हसवलं. पुढे दोन वर्षांत ह्याच वाक्यावर मी स्वतः सहा महिने घर चालवलं, पण ते सांगायच्या आधी पाण्याचं सांगायला हवं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भाईंदर पूर्वेला, खारीगावाच्या अंगाला, एका नव्या बिल्डिंगमध्ये आम्ही तळमजल्यावर राहायला आलो होतो. बिल्डरच्या कागदावर 'चोवीस तास पाणी' असं ठसठशीत छापलेलं होतं. प्रत्यक्षात नळाला दिवसातून चाळीस मिनिटं पाणी यायचं. ह्यांनी हिशोब केला, तर महिन्याकाठी वीस तास भरत होते, तेव्हा बिल्डर काही फार खोटं बोलला नव्हता असा त्यांनी निर्वाळा दिला. आमच्या ह्यांचा छापील शब्दावर असा जीव होता.

ती चाळीस मिनिटं कधी येतील हे मात्र कुणाच्या हातात नव्हतं. दुपारी साडेबारा ते तीन या वेळात केव्हातरी नळ आधी फुसफुसायचा, मग खाकरायचा आणि मग पाणी सुटायचं. पहिली पाच मिनिटं लालसर गढूळ पाणी, ते खाली ठेवलेल्या बादलीत सोडून द्यायचं. मग बादली बाजूला करायची, नळाच्या तोंडाला फडकं बांधायचं, पिण्याचे दोन हंडे भरायचे आणि मग नळी लावून कोपऱ्यातलं पिंप. हे सगळं करायला माणूस जागेवर हवं. नळ उघडा ठेवून निघून गेलं, तर बादली भरून चाळीस मिनिटांचं पाणी मोरीतून गटारात जायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत घर कोरडं.

माणूस घरात होतं. सासूबाई होत्या. साठीच्या, काटक, कामाला वाघ. कोकणातून आल्या तेव्हा तांब्याचे दोन हंडे बरोबर घेऊन आल्या होत्या, आणि ते रोज चिंच-मीठ लावून लखलखीत घासल्याशिवाय त्यात पाणी भरू देत नसत. पिण्याच्या पाण्याला जे जे लागेल ते ते घासलेलं हवं, हा त्यांचा नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. पाण्याबद्दल त्यांना कुणी काही शिकवण्याची सोय नव्हती. गावी विहीर लांब होती, घरात धाकटी भावंडं होती, म्हणून त्यांना दुसरीतून काढून पाण्यावर लावलं होतं. हे त्या तक्रार म्हणून सांगत नसत, नुसतं सांगत. वर्तमानपत्राचे मथळे त्या अक्षराला अक्षर लावून वाचायच्या आणि बाकीचं मला वाचायला लावायच्या.

अडचण एवढीच होती की त्यांना ऐकू येत नव्हतं.

हे वाक्य मी आज लिहितेय. त्या काळात आमच्या घरात ते कुणी उच्चारलं नाही. सासूबाईंच्या मते त्यांचे कान ठणठणीत होते, आणि आम्ही सगळे, म्हणजे मुलगा, सून, शेजारपाजार आणि रेडिओवरचे बातम्या देणारे, तोंडातल्या तोंडात पुटपुटत होतो. "नीट बोलायला काय होतं ग तुम्हाला?" असं त्या म्हणायच्या. डाव्या कानाशी जाऊन मोठ्याने बोललं की म्हणायच्या, "ओरडतेस कशाला? ऐकू येतं मला." यावर कुणाची काय टाप होती पुढे बोलायची!

त्यातच मला नोकरी लागली. पश्चिमेकडच्या डोंगरी गावात, एका मराठी शाळेत, दुपारच्या सत्रात, वर्षभर काम बघून मग कायम करायचं अशा अटीवर. अकरा वाजता घर सोडायचं, पूल ओलांडून पश्चिमेला जायचं, तिथून बस. डीएड करून तीन वर्षं घरात पोळ्या लाटल्यावर मला ती शाळा म्हणजे काय वाटली असेल, हे ज्याचं त्याने समजून घ्यावं. पहिल्या दिवशी वर्गातल्या एका पोरीने माझ्याकडे वर-खाली बघून विचारलं, "बाई, तुमी उद्या पन येनार हाय का न्हाय?" त्यांच्याकडे आधीच्या दोन बाई टिकल्या नव्हत्या. मी म्हटलं, येणार. आणि मनात म्हटलं, पाण्याने येऊ दिलं तर.

पाण्याने जूनमध्येच रंग दाखवला. पहिल्या पंधरवड्यात दोनदा पाणी येऊन गेलं आणि सासूबाई आतल्या खोलीत कूस बदलून झोपलेल्या. बाहेर रस्त्यावर पावसाचं गुडघाभर पाणी, आणि घरात प्यायला फुलपात्रभर नाही. शेजारच्या बाईंनी दार वाजवलं होतं म्हणे, पण ज्यांना नळ ऐकू येत नाही त्यांना दार कुठून ऐकू येणार? ती बाई मला जिन्याखाली गाठून तोंडाला येईल ते बोलली. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा हे संध्याकाळी जेवताना म्हणाले, "अजून एकदा असं झालं, तर नोकरीचा विचार करावा लागेल." माणूस वाईट नव्हता. नोकरी कुणाची याचा त्यांनी उल्लेख केला नाही, कारण तो करायची गरज नव्हती. मी ताटातला भात तसाच ठेवून उठले, आणि मग भूक लागली म्हणून परत येऊन बसले.

त्या रविवारी केबिन रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मला ती दिसली. पिवळ्या प्लास्टिकची साबणदाणीएवढी डबी, त्यातून निघालेली हातभर दुहेरी वायर, आणि वायरीच्या टोकाला तांब्याच्या दोन बारीक काड्या. खोक्यावर एक बाई आरामखुर्चीत पाय पसरून हसत होती आणि तिच्याभोवती निळे थेंब उडत होते. काड्या बादलीत सोडायच्या. त्यांना पाणी लागलं, की डबी चिमणीसारखी ओरडते. दुकानदाराने आपल्या टेबलावरच्या ग्लासात काड्या बुडवल्या आणि जो काही चिवचिवाट झाला, त्याने समोरच्या फुलवाल्याने मान वळवली.

"पाणी लागून खराब नाही ना होणार?" हे म्हणाले.

"अरे भाई, पानी की चीज है," दुकानदार म्हणाला. "पानी में रहेगी, पानी में खायेगी, पानी में सोयेगी. भाभी, देखो, खोके पे लिखेला है. फुल वॉटरप्रूफ. ऊपर से छे महिने की वॉरंटी."

लिखेला है म्हटल्यावर आमचे हे विरघळले. वॉरंटीचं कार्ड त्यांनी तिथेच उभ्याने भरून, शिक्का मारून घेतलं. घरी आल्यावर ते एका फायलीत लावलं, जिच्यात इस्त्रीपासून शेगडीच्या लायटरपर्यंत सगळ्यांची कार्डं तारखेवार लावलेली होती. त्यांतल्या एकाही कार्डावर आजवर कुणी काही मागितलं नव्हतं. हे त्या फायलीकडे दुसरे लोक मुदत ठेवीकडे बघतात तसे बघायचे.

घरी आल्याआल्या मी चाचणी घेतली. सासूबाई खिडकीपाशी, आमच्याकडे पाठ करून, वाल सोलत बसल्या होत्या. मी वाटीत पाणी घेतलं आणि काड्या सोडल्या. चिमणी अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ रडायला लागलं आणि शेजारच्या बाई दारात आल्या. सासूबाईंचा हात वालावरून हलला नाही. एक दाणा, दुसरा दाणा, तिसरा. मग शेजारीण त्यांच्या समोरून आत आली, तिचा चेहरा त्यांनी पाहिला, वळून आमचे चेहरे पाहिले, माझ्या हातातली डबी पाहिली, आणि म्हणाल्या, "ऐकलं हो, ऐकलं! केवढ्याने ओरडते मेली!"

हे खूश झाले. शेजारीण खूश झाली. मी ते तीन दाणे पाहिले होते. खोटं कशाला बोलू, अगदी स्वच्छ पाहिले होते. पण मला शाळा हवी होती. म्हणून मीही खूश झाले आणि पुन्हा चाचणी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझं लक्ष काही फळ्यावर नव्हतं. तिसरीच्या पोरांना मी सातचा पाढा दोनदा म्हणायला लावला आणि तो चुकला तरी मला कळलं नाही. परत येताना बसमध्ये देवाला काय काय कबूल केलं ते आठवत नाही, पण त्यातलं काही दिलेलं नाही हे आठवतंय. घरी येऊन थेट मोरीत गेले. दोन्ही हंडे काठोकाठ, पिंप भरलेलं, वर झाकणं. सासूबाई चहा गाळत होत्या.

"पावणेदोनला ओरडली चिमणी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी मला असा अहवाल मिळू लागला. आज सव्वाला ओरडली. आज अडीचपर्यंत काही बोललीच नाही, मला वाटलं झोपली. आज दोनला पाच कमी असताना. वेळा इतक्या चोख असायच्या की हे आपलं पन्नास मीटरवालं घड्याळ लावून घ्यायला लागले. जून गेला, श्रावण आला, गणपती आले, आणि एक दिवस पाणी चुकलं नाही. शेजारणीने कौतुक केलं, तिच्या भावजयीसाठी ती तसलीच एक घेऊन गेली. तिच्या भावजयीची दोन महिन्यांत बंद पडली, तेव्हा हे म्हणाले, "वस्तू नीट हाताळावी लागते. आपली बघा, सहा महिने होत आले, अजून सेलसुद्धा बदलले नाहीत." सेल इतके टिकतात याचं त्यांना एवढं अप्रूप होतं की ऑफिसात चार जणांना त्यांनी त्या कंपनीचे सेल घ्यायला लावले.

आणि नीट हाताळली जात होती हे खरंच होतं. सासूबाईंनी तिला नळाच्या वर खिळा मारून दोऱ्याने टांगलं होतं. एकदा मी पाहिलं तर काड्यांची टोकं नव्या नाण्यासारखी चकाकत होती. मला वाटलं, काय निगुतीने ठेवतात! रविवारी तर त्या तिला खिळ्यावरून काढून, पुसून, देवघराच्या खणात ठेवून द्यायच्या. "सहा दिवस ओरडते बिचारी. एक दिवस सुट्टी नको?" घरात माणसं असताना बेल कशाला, सेल वाचतील, असं म्हणून हेही माना डोलवायचे. सणवाराला तेच. दिवाळीच्या सुट्टीतही चिमणी खणात. मी घरात असले की ती नसायची, आणि मला त्यात काही खटकलं नाही. ज्याला खटकून घ्यायचं नसतं त्याला डोंगरसुद्धा दिसत नाही.

शाळेच्या सगळ्या सुट्ट्या सासूबाईंना पाठ झाल्या होत्या. नाताळची मात्र त्यांना कल्पना नव्हती. डोंगरीची शाळा, निम्मी पोरं ख्रिस्ती घरांतली, तेव्हा नाताळला शाळा आठवडाभर बंद. पोरांनी दिलेला फराळाचा डबा घेऊन मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजले तरी निघाले नाही, तेव्हा सासूबाई जरा गडबडल्या. "आज ग कसली सुट्टी?" मी सांगितलं. त्यांनी मोरीकडे एकदा पाहिलं, चिमणी खिळ्यावर होती. मी पाहत होते म्हणून की काय, त्या तिला काढायला गेल्या नाहीत. जेवण झाल्यावर आत जाऊन आडव्या झाल्या.

मी पुढच्या खोलीत पेपर तपासत बसले होते. दीडच्या सुमारास शेजारी बादल्यांचा आवाज झाला. मी मान वर केली. आमच्या मोरीतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. चांगलं धो धो. चिमणी गप्प. धावत गेले, तर बादली भरून वाहत होती, काड्या वीतभर पाण्यात बुडालेल्या होत्या आणि पिवळी डबी भिंतीला टेकून मख्ख बसली होती. हलवली, थोपटली, चूं नाही.

माझी धावपळ नजरेला पडली असावी, सासूबाई पदर सावरत मागून आल्या. मला नळापाशी पाहून म्हणाल्या, "ओरडली वाटतं! झोपूसुद्धा देत नाही. केवढ्याने ओरडते मेली!"

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं. मला वाटलं, बेल आज बिघडलीय आणि ह्या आपला कान सावरून घेताहेत. एवढंच वाटलं. हंडे भरून झाल्यावर मी ह्यांची वाट बघत बसले.

हे आले, ऐकलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी आमच्या लग्नाच्या फोटोंतही पाहिलेला नाही. वॉरंटी संपायला चार दिवस उरले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फाईल उघडायची वेळ आली होती. त्यांनी भिंग घेऊन कार्डाच्या मागची मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं वाचायला घेतली, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय की, पाणी, ओलावा, उंदीर, झुरळं किंवा वीज पडणं यामुळे झालेल्या बिघाडाला कंपनी जबाबदार नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पाण्याची बेल. पाण्यात बसवायची. आणि पाण्याची वॉरंटी नाही. म्हणजे विळी पाच वर्षं टिकेल, फक्त तिच्यावर भाजी चिरायची नाही!"

छापील शब्दाने त्यांना दगा दिला होता. मला त्यांची खरोखरच दया आली, आणि हसूही आलं, आणि मी पेपरांचा गठ्ठा तोंडासमोर धरला.

कंपनीचा मेकॅनिक दर गुरुवारी दुकानात येतो असं कळलं, म्हणून गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं केबिन रोडला गेलो. ह्यांनी खिशात कार्ड आणि हातात 'वॉटरप्रूफ' अधोरेखित केलेलं खोकं असं सगळं बरोबर घेतलं होतं. दुकानदाराने खोकं पाहिलं आणि मायेने हसला.

"भाई, वॉटरप्रूफ तो वायर है. डब्बा थोडी है? डब्बे को पानी में डालने को किसने बोला?"

"तुम्हीच बोललात! पाण्यात राहील, पाण्यात झोपेल!"

"वो तो बोलने की बात है, भाई."

ह्यांनी विळीचा दाखला हिंदीत देऊन पाहिला, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मेकॅनिकने, चाळिशीच्या एका मितभाषी गृहस्थाने, दोन्ही हात वर करून त्यांना थांबवलं आणि स्क्रू काढून डबी उघडली. आत सगळं हिरवं-पांढरं झालेलं होतं. त्याने चिमट्याने कोपऱ्यातून काहीतरी तपकिरी, चिवट ओढून काढलं, दिव्याखाली धरलं, वास घेतला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाभी, ये इमली है. मशीन में इमली?"

मी आणि ह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पिण्याच्या पाण्याला जे जे लागेल ते ते घासलेलं हवं. काड्या तांब्याच्या होत्या. आणि काड्या घासायच्या तर डबी कशी अशीच ठेवतील? मिठाचा चांगला हात मारून नळाखाली धरली असणार. मला इतकं हसू फुटलं की मी स्टुलावर बसले.

मेकॅनिक सेल काढून तपासत होता. सेल एका बॅटरीत घातले, तर लख्ख उजेड पडला. त्याने मान हलवली. "ये आज का बिगडेला नहीं है. अंदर का नमक देखो, कितना पुराना है. ये लिया तभीच मर गया. दो-चार दिन भी नहीं बजा होगा. सेल तो नया का नया है."

हे टेबलावर हात आपटून उठले. "म्हणजे घेतल्या घेतल्या बिघडली! मुदतीत बिघडली! लिहून द्या!" त्यांना वाटलं आपण जिंकलो. दुकानदार म्हणाला, मुदतीत असो की मुहूर्तावर असो, इमलीची वॉरंटी कंपनी देत नाही. ते दोघं पुन्हा सुरू झाले.

माझं हसू मात्र थांबलं होतं. घेतल्या घेतल्या. म्हणजे पहिल्या सोमवारपासून. म्हणजे पावणेदोनला ओरडली नव्हती, सव्वाला ओरडली नव्हती, दोनला पाच कमी असताना ओरडली नव्हती. एकदाही ओरडली नव्हती.

दुकानदाराने डबी पुन्हा बंद करून माझ्या हातात दिली. सहज म्हणून विचारलं, "फिर छे महिना पानी कैसे भरा, भाभी?"

घरी येईपर्यंत हे बोलत होते आणि मी हूं हूं करत होते. सासूबाईंना आम्ही एवढंच सांगितलं की चिमणी दाखवून आणली. त्यांनी ती घेतली, पदराने पुसली आणि खिळ्याला टांगली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी साडी बदलली, पर्स घेतली, शाळेत संमेलनाची तयारी आहे अशी थाप मारली आणि निघाले. खाडीच्या बाजूला उगाच एक फेरी मारली, केबिन रोडवर नको असलेल्या बांगड्या बघितल्या, आणि एकच्या सुमारास माझ्याकडच्या किल्लीने दार उघडून चोरपावलांनी आत शिरले. चोरपावलांची तशी काही गरज नव्हती. तरी सवय म्हणून.

आतली खोली रिकामी होती. सासूबाई मोरीत होत्या. पाट टाकून, भिंतीला पाठ लावून, साडी गुडघ्यापर्यंत खोचून बसल्या होत्या. मांडीवर तांदळाचं सूप. उजव्या हाताने तांदूळ निवडत होत्या. डावा हात वर, नळाच्या लोखंडी पाइपवर तळवा पसरून ठेवलेला. नाडी बघतात तसा. डोक्यावर ती पिवळी डबी टांगलेली. मी दारात किती वेळ उभी होते कोण जाणे. त्यांनी एकदाही तो हात काढला नाही. खांदा अवघडला की अंग जरा इकडचं तिकडे करायच्या, हात तिथेच. उजव्या हाताने खडे काढायच्या, आणि मध्येच थांबून, डोळे मिटून, तळव्याने ऐकायच्या.

साडेबारा ते तीन. जून ते नाताळ. रोज.

मला रडू आलं ते दुःखाने नाही, लाजेने आलं. ते वालाचे तीन दाणे मला दिसले होते आणि मी सोयीने विसरले होते. घरात एकट्या ह्यांनाच मी हसत होते.

माझी सावली सुपावर पडली असावी. त्यांनी दचकून वर पाहिलं आणि झटकन पाइपवरचा हात काढून सुपात घातला, चोरी करताना सापडल्यासारखा. "लवकर आलीस? मी आपली बसले होते. चिमणी ओरडेल आता, म्हणून."

मी खाली बसले. मोरीच्या ओल्या फरशीवर, शाळेच्या साडीत. त्यांचा तो हात सुपातून उचलला आणि परत पाइपवर ठेवला. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला कळलंय हे त्यांना कळलं. डाव्या कानाशी जाऊन मी विचारलं, "आई, मला का नाही सांगितलंत?"

त्या पहिल्यांदाच 'ओरडतेस कशाला' म्हणाल्या नाहीत. तांदळातला एक खडा काढून त्यांनी बाजूला टाकला.

"सांगितलं असतं तर तू घरी बसली असतीस. पाण्यापायी एकीची शाळा सुटली, तेवढी पुरे."

मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसले आणि सूप माझ्या मांडीवर घेतलं. आम्ही दोघी तांदूळ निवडत राहिलो. जूनमध्ये मी कायम झाले, आणि पुढे त्याच शाळेतून निवृत्तही झाले. पण त्या दुपारी मला यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की चिमणी मेली आहे हे त्यांना अजूनही माहीत नाही. त्यांना वाटत होतं, ती रोज डोक्यावर ओरडते आणि आपल्यालाच ऐकू येत नाही.

काही वेळाने त्यांची बोटं पाइपवर आवळली. "आलं," त्या म्हणाल्या. मला काही ऐकू आलं नव्हतं. मनात दहा मोजले असतील, तेव्हा नळ फुसफुसला, खाकरला आणि लाल पाण्याची धार बादलीत पडली. काड्या भिजल्या. पिवळी डबी गप्प.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि सगळ्या घराला इतकी वर्षं जे विचारायची हिंमत झाली नव्हती, ते त्यांनी स्वतःच, हळू आवाजात विचारलं.

"ओरडली का ग?"

मी बादली बाजूला केली, नळाला फडकं बांधलं आणि त्यांच्या डाव्या कानाशी वाकले.

"ओरडली तर," मी म्हटलं. "केवढ्याने ओरडली मेली!"